उसाचा काटा आणि अर्थाचा अनर्थ

लॅपटॉप चार्जिंगला लावून मांडीवर घेतलाय आणि मनगट त्याच्या धातूच्या कडेला टेकलं की हलक्या मुंग्या आल्यासारखं होतं. हा अनुभव तुमच्यापैकी निम्म्यांना तरी असणार. ज्यांनी पुण्यात कॉट बेसिसवर दिवस काढलेत आणि तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या ॲडॉप्टरमध्ये खुपसून काम भागवलंय, त्यांना तर नक्कीच. बहुतेक लोक "करंट मारतोय रे" म्हणून लॅपटॉप उशीवर ठेवतात आणि विषय तिथेच संपतो.

प्रकार असा असतो. चार्जरच्या आतला गोंगाट बाहेर पडू नये म्हणून विजेच्या दोन्ही तारांपासून एकेक छोटा कपॅसिटर अर्थिंगच्या तारेकडे जोडलेला असतो. अर्थिंगची पिन जागेवर असेल तर त्यांच्यातून झिरपणारा किंचितसा प्रवाह गुपचूप जमिनीत निघून जातो. ती पिनच नसेल तर लॅपटॉपचं अंग २३० च्या साधारण निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतं. प्रवाह एक मिलिअँपिअरच्याही खालचा, त्यामुळे माणूस मरत नाही, नुसता झिणझिणतो.

पण हीच झिणझिण उसाच्या काट्यात शिरली तर? तर तिचे पैसे होतात. आणि पैशांपेक्षा वाईट काहीतरी होतं, ते पुढे येईलच.

माझा एक शाळेपासूनचा मित्र नगरच्या एमआयडीसीत वजनकाटे दुरुस्त करतो. (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर, पण आमच्या तोंडात अजून नगरच येतं.) हंगामात त्याला मरायला फुरसत नसते. मी शनिवार-रविवार गावी गेलो की तो मला हक्काने गाडीत घालून नेतो, कारण आजकाल प्रत्येक काट्याला कॉम्प्युटर जोडलेला असतो आणि काही बिघडलं की सगळे आधी कॉम्प्युटरकडेच बोट दाखवतात. माझं काम म्हणजे शेजारी बसून "सॉफ्टवेअर ठीक आहे" असं गंभीर चेहऱ्याने सांगणं. बदल्यात रस्त्यावरच्या गुऱ्हाळात रस मिळतो. वाईट सौदा नाही.

नगर जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला काटा म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना, आशियातला पहिला म्हणून आम्हाला शाळेत शिकवलेला, १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ही नावं तेव्हापासून जिल्ह्याच्या पाठ्यपुस्तकात आहेत. त्या सगळ्या प्रकारामागचा विचार एवढाच होता की ऊस पिकवणाराच कारखान्याचा मालक असावा. आता मालक झालात तरी तुमचा ऊस किती, हे शेवटी काट्यावरच ठरतं. तुम्ही बारा-चौदा महिने उसाला पाणी घातलंत, खत घातलंत, तोडीसाठी मुकादमाच्या आणि चिटबॉयच्या मागे फिरलात, आणि मग गाडी काट्यावर उभी राहते ती एखादं मिनिट. त्या मिनिटात वर्षाचा हिशेब. म्हणून 'काटा मारणे' हा आपल्याकडे शिवीसारखाच शब्दप्रयोग आहे. कुठल्याही गावात पारावर बसा आणि विषय काढा, काटामारीची निदान चार प्रकरणं ऐकायला मिळतील. त्यातली काही खरी असतीलही. आज मला सांगायचंय ते या दोन्हींच्या मधल्या प्रकरणाबद्दल: कोणी काटा मारलेला नाही, तरीही काटा बरोबर नाही.

आधी काटा काम कसा करतो ते बघू. थोडं आकडेमोडीचं आहे, पण सोडून जाऊ नका, सगळी गंमत त्या आकड्यातच आहे.

रस्त्याच्या कडेला दिसतो तसा साठ टनी काटा घ्या. वर लोखंडी प्लॅटफॉर्म आणि खाली सहा लोडसेल, प्रत्येकी तीस टनी. लोडसेल म्हणजे पोलादाचा जाड ठोकळा, त्यावर केसाएवढ्या पट्ट्यांचे स्ट्रेनगेज चिकटवलेले. (ही कल्पना १९३८ ची. सिमन्स आणि रूज अशा दोन अमेरिकन माणसांना ती एकमेकांपासून स्वतंत्रपणे त्याच वर्षी सुचली.) वजन पडलं की पोलाद डोळ्यांना दिसणार नाही इतकं दबतं, पट्टी ताणली जाते आणि तिचा विद्युतरोध किंचित बदलतो. चार पट्ट्यांचा व्हीटस्टन ब्रिज केला की त्या बदलाचा व्होल्टेज मिळतो. बारावीच्या प्रॅक्टिकलला जो ब्रिज आपण मार्कांसाठी बॅलन्स केला, तोच.

किती व्होल्टेज? सर्वसाधारण लोडसेल एका व्होल्टमागे २ मिलिव्होल्ट देतो, आणि तेही पूर्ण क्षमतेला. सेलला ५ व्होल्ट पुरवले तर जास्तीत जास्त १० मिलिव्होल्ट. सहा सेल समांतर जोडलेले, म्हणजे हे १० मिलिव्होल्ट १८० टनांना. काट्याच्या डिस्प्लेवर आकडा दहा-दहा किलोंनी बदलतो. आता त्रैराशिक मांडा: दहा किलोंच्या वाट्याला येतो अर्ध्या मायक्रोव्होल्टपेक्षा जरासा जास्त व्होल्टेज, ०.५६ मायक्रोव्होल्ट. टॉर्चच्या दीड व्होल्टच्या सेलचे सत्तावीस लाख तुकडे केले तर त्यातला एक तुकडा. डिस्प्लेवर तुम्हाला दिमाखात दिसणारा १०, २०, ३० असा आकडा या तुकड्यांच्या मोजणीतून आलेला असतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा काटे चुकतात याचं नवल वाटायचं बंद झालं, ते बरोबर कसे येतात याचंच नवल वाटायला लागलं.

बरोबर येतात, कारण काट्याचा इंडिकेटर हे बरंच शहाणं यंत्र असतं आणि तोपर्यंत ते एकटं असतं. लोडसेल, त्यांची केबल, इंडिकेटर, सगळे एकाच शून्याला शून्य मानतात. आणि मग आपण येतो कॉम्प्युटर घेऊन.

कॉम्प्युटर हवाच, यात वाद नाही. वजन हाताने लिहिण्याच्या काळात चुका आणि 'चुका' दोन्ही भरपूर होत्या. म्हणून इंडिकेटरच्या मागून आरएस-२३२ ची एक केबल निघते आणि ऑफिसातल्या पीसीत जाते. आरएस-२३२ हे १९६० सालचं मानक आहे, आपल्यापैकी बहुतेकांच्या आई-वडिलांच्या वयाचं. अजून हटत नाही, कारण साधं आहे: एक तार पाठवायची, एक तार घ्यायची आणि तिसरी 'ग्राउंड'. पहिल्या दोन तारांवरचं व्होल्टेज त्या तिसरीच्या तुलनेत मोजलं जातं. दोघांनी शून्य कशाला म्हणायचं, याचा करार म्हणजे ही तिसरी तार.

आता इंडिकेटर बसलाय काट्याच्या केबिनमध्ये आणि त्याचं अर्थिंग केबिनमागच्या खड्ड्यात. पीसी बसलाय चाळीस मीटरवरच्या यार्ड ऑफिसमध्ये आणि त्याचं अर्थिंग यूपीएसमधून फिरत फिरत ऑफिसच्या खड्ड्यात. दोन्ही जमिनीतच गेलेत, मग शून्य एकच झालं की!

इथेच बहुतेक सगळे फसतात, कारण शाळेत आपल्याला जमीन म्हणजे शून्य असं शिकवलेलं असतं. जमीन ही एक तार आहे. १८३८ मध्ये जर्मनीत श्टाइनहाइल नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवलं की तारायंत्राला परतीची वेगळी तार टाकायची गरज नाही, जमीनच ते काम करते. तारखात्यांनी पुढे त्यावर कितीतरी पैसे वाचवले. पण तार म्हटली की तिला रोध आला, आणि रोधातून प्रवाह गेला की दोन टोकांत व्होल्टेजचा फरक आला. कारखान्याच्या आवारात मोटारी, वेल्डिंग मशिन, दिवे अशा शेकडो गोष्टींचा गळका प्रवाह जमिनीतून फिरत असतो. त्यात आपला भाग पर्जन्यछायेतला. पावसाळा संपताना काळी माती ओली असते तेव्हा खड्डे बरे वागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये तीच जमीन भेगाळते, मुरूम कोरडा ठणठणीत होतो, आणि अर्थिंगचा रोध चढत जातो. नेमका तेव्हाच हंगाम ऐन भरात असतो.

तर फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आम्ही अशाच एका कारखान्यावर गेलो. नाव कशाला घ्या, तुम्हाला ओळखीचं असेल. तक्रार जुनीच: बाहेरच्या खाजगी काट्यावर भरलेलं वजन आणि इथलं वजन जुळत नाही. दोन काट्यांत दहा-वीस किलोंचा फरक येतोच, कायदाही तेवढी सूट देतो. पण इथे कधी चाळीस-पन्नास किलो कमी, कधी बरोबर, आणि जास्त असं कोणी सांगतच नव्हतं. (जास्त भरलं म्हणून तक्रार करणारा शेतकरी अजून जन्माला यायचाय. याकडे लक्ष ठेवा, पुढे लागणार आहे.) आदल्या आठवड्यात आकडा डिस्प्लेवर नाचतो म्हणून कोणीतरी इंडिकेटरच्या सेटिंगमध्ये फिल्टर वाढवून ठेवला होता. आकडा नाचायचा थांबला होता. खोटा होता तो खोटाच राहिला होता, फक्त आता ठामपणे खोटा होता. हा प्रकार आपल्या धंद्यातही चालतो, एक्सेप्शन गिळून टाकणारे महाभाग तुम्ही पाहिले असतील.

काट्याभोवती पंधरा-वीस शेतकरी आणि ड्रायव्हर जमले होते. सूर काही बरा नव्हता. शेतकी अधिकारी पडताळणीचं प्रमाणपत्र सगळ्यांना दाखवत होते. ते खरंही होतं: वैधमापनाच्या निरीक्षकाने ऑक्टोबरमध्ये प्रमाणित वजनं ठेवून काटा तपासला होता, बरोबर आला होता, सील मारलं होतं. "मग सायबाला आत्ता बोलवा की, गव्हाण चालू असताना," असं मागून कोणीतरी म्हणालं. मित्राने चटकन मान वर केली. मला तेव्हा त्या वाक्याचं महत्त्व कळलं नाही, त्याला कळलं.

त्याने फिल्टर होता तिथे परत आणला. मोकळ्या काट्यावर आकडा शून्य. पाच मिनिटं बघत बसलो. मग यार्डातला अनलोडर सुरू झाला, गाडीतली मोळी उचलून गव्हाणीत टाकायला लागला, आणि मोकळा काटा वजा तीस, वजा चाळीस दाखवायला लागला. अनलोडर थांबला, काटा शून्यावर. पुन्हा सुरू, पुन्हा वजा चाळीस. गर्दीत एकदम शांतता पसरली, आणि मग एकदम गलका.

मित्राने हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि पीसीला गेलेली केबल इंडिकेटरमधून काढली. अनलोडर सुरूच होता. काटा शून्यावर.

"म्हंजे कॉम्प्युटरमधीच केलेलं हाय!" हे अपेक्षितच होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, मी काय बोलणार. पण पुढचा प्रयोग मला फार आवडला. मित्राने माझा लॅपटॉप मागितला, यूएसबीचं कनव्हर्टर लावून तीच केबल त्याला जोडली. कारखान्याचं कुठलंही सॉफ्टवेअर त्यात नाही हे सगळ्यांसमोर दाखवलं. लॅपटॉप बॅटरीवर. अनलोडर चालू, काटा शून्य. मग त्याने लॅपटॉपचा तीन पिनी चार्जर ऑफिसातून ओढलेल्या एक्स्टेंशनमध्ये खुपसला. वजा चाळीस. काढला, शून्य. खुपसला, वजा चाळीस. तीन-चारदा केलं. शेवटी एका टोपीवाल्या बाबांच्या हातातच प्लग दिला, "बाबा, तुम्ही करा." बाबांनी प्लग लावून, काढून, पुन्हा लावून खात्री करून घेतली. मग म्हणाले, "पोरा, ह्यात प्रोग्राम कुठंय? ह्यो तर नुस्ता चार्जर."

तो दोष चार्जरचा नव्हता आणि सॉफ्टवेअरचाही नव्हता. मित्राने मीटर घेऊन दोन अर्थिंगमधला फरक मोजला: १.८ व्होल्ट. ऐकायला काहीच नाही. पण ०.५६ मायक्रोव्होल्टच्या शेजारी ठेवून बघा. त्यातला दहा लाखांतला एक हिस्सा जरी सिग्नलच्या वाटेत मिसळला तरी तीसेक किलो झाले. आणि मिसळायला वाट होती. केबिनचा खड्डा, इंडिकेटर, केबलची ती तिसरी तार, पीसी, ऑफिसचा खड्डा, मधली जमीन आणि परत केबिन, असं एक पूर्ण वर्तुळ तयार झालं होतं. याला ग्राउंड लूप म्हणतात. त्यात भर म्हणून लोडसेलच्या केबलचं जाळीदार आवरण, जे एकाच टोकाला जोडायचं असतं, ते दोन्ही टोकांना जोडलेलं होतं. म्हणजे गोंगाट अडवायला घातलेलं कवचच गोंगाटाचा रस्ता झालं होतं.

तुमच्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना इथे शंका यायला हवी. ५० हर्ट्झचा प्रवाह तर पुढे-मागे होतो, त्याची सरासरी शून्य, इंडिकेटर तो सहज गाळून टाकतो. मग सतत वजा चाळीस कसं? मलाही ही शंका आली होती. उत्तर अनलोडरच्या मोटारीत होतं. डिसेंबरमध्ये तिच्यावर नवा व्हीएफडी बसवला होता, मोटारीचा वेग हवा तसा बदलणारा ड्राइव्ह. हे ड्राइव्ह वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून काम करतात, आणि त्या प्रत्येक झटक्याला थोडासा वेगवान प्रवाह मोटारीच्या अंगातून जमिनीत सुटतो. तो असल्या वर्तुळांतून मनसोक्त फिरतो. एवढ्या वेगाचा सिग्नल इंडिकेटरच्या ॲम्प्लिफायरला पेलत नाही, तो त्याची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त दाबतो. झालं, सरासरी शून्य राहत नाही. गोंगाट एका दिशेला झुकतो, आणि गाळणीला तो गोंगाट आहे हे ओळखूच येत नाही, ते खरंच वजन वाटतं. हम परवडला. तो निदान नाचून स्वतःला जाहीर तरी करतो.

ऑक्टोबरच्या पडताळणीत हे का सापडलं नाही, तेही आता उघड आहे. तेव्हा हंगाम सुरू नव्हता, अनलोडर बंद, ड्राइव्ह बसलेलाच नाही, जमीन ओली. काटा तपासला तो सुट्टीवर असलेल्या कारखान्यात.

इथपर्यंत सगळा मित्राचा पराक्रम. पुढचा भाग माझा, म्हणून जरा ऐटीत सांगतो :)

प्रश्न असा होता की डिसेंबरपासून किती जणांचं किती गेलं? अधिकारी म्हणत होते, काही गेलं नाही, कारण वजन दोनदा होतं: आधी भरलेली गाडी, मग खाली गाडी. काटा दोन्ही वेळी चाळीस कमी दाखवत असेल तर वजाबाकीत ते चाळीस उडून जातात. हे तर्काला धरून आहे, पण अनलोडर दोन्ही वेळा चालू असेल तरच. तो दर काही मिनिटांनी चालू-बंद होतो, आणि दोन वजनांच्या मध्ये कधी तास तर कधी रात्र जाते.

मी म्हटलं, डेटाबेसमध्ये उत्तर असणार. एकच ट्रॅक्टर, त्याच दोन ट्रॉल्या, हंगामात शंभरेकदा खाली होऊन काट्यावर येतात. त्यांचं खाली वजन दर वेळी जवळपास तेवढंच यायला पाहिजे. डिझेल आणि चिखल धरून थोडा फरक पडेल, पण तो आपला आपण सरमिसळ होईल. चहा येईपर्यंत मी सगळ्या गाड्यांची खाली वजनं काढली, प्रत्येकीतून तिची स्वतःची सरासरी वजा केली आणि आलेखावर टाकली. नोव्हेंबरमध्ये मध्यभागी एक छान टेकडी. जानेवारीत त्या एका टेकडीच्या दोन टेकड्या, एकमेकींपासून चाळीसेक किलोंवर. पुरावा सगळा वेळ तिथेच पडून होता, कोणी कधी विचारलं नव्हतं.

दोन टेकड्या उंचीला साधारण सारख्या होत्या, म्हणजे अनलोडर निम्मा वेळ चालू. मग हिशेब सोपा: चार खेपांतल्या दोन बरोबर, एका खेपेला शेतकऱ्याचे चाळीस किलो गेले, एका खेपेला चाळीस किलो फुकट आले. सगळ्या हंगामाची बेरीज केली तर कारखान्याचा फायदा जवळजवळ शून्य. अधिकाऱ्यांचा चेहरा उजळला. "बघा, म्हणजे काटामारी नाहीच."

नाहीच. पण ज्याचा एकरभर ऊस, दोन-तीन खेपांत संपला, त्याला सरासरीचा काय उपयोग? २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेला एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. चाळीस किलोंचे तोडणी-वाहतूक वजा व्हायच्या आधी १४२ रुपये होतात. रक्कम मोठी नाही. एखाद्याला ती मिळाली, दुसऱ्याची गेली, आणि ज्याला मिळाली त्याला कळलंही नाही. म्हणून गावात फक्त गेल्याच्याच गोष्टी फिरल्या आणि सगळ्या एकाच दिशेच्या झाल्या. दोन महिने लोक त्या काट्यावरच्या क्लार्ककडे चोर म्हणून बघत होते. पंचविशीचा पोरगा, त्याच भागातला. त्याच्या वडिलांचाही ऊस त्याच काट्यावर येत होता. तो दिवसभर कोपऱ्यात उभा राहून सगळं बघत होता, एक शब्द बोलला नाही. मात्र बाबांच्या हातात प्लग होता तेव्हा त्याचा चेहरा मी बघितला होता.

अहवालात काय लिहायचं यावर मग तासभर घासाघीस झाली. अधिकाऱ्यांना 'किरकोळ तांत्रिक समायोजन' असे शब्द हवे होते. मित्राने 'अनलोडर चालू असताना काटा ३० ते ४० किलो कमी दाखवत होता, कारण दुहेरी अर्थिंग' असं लिहिलं आणि सही केली. त्याच्यावर परवाना आहे, सील त्यालाच तोडायचं होतं आणि नंतर निरीक्षकाला पुन्हा बोलवायचं होतं, त्यामुळे गुळमुळीत लिहून त्याचं भागणार नव्हतं. पुनर्पडताळणीच्या वेळी अनलोडर चालू ठेवायचा, ही अट मात्र त्याने अधिकाऱ्यांकडून कागदावर घेतली. गेलेल्या खेपांचं पुढे काय करायचं हा त्यांच्या संचालक मंडळाचा प्रश्न, तो आम्ही असेपर्यंत सुटलेला नव्हता.

दुरुस्ती म्हणाल तर अगदी साधी. जंक्शन बॉक्समधलं आवरणाचं टोक सोडवलं, इंडिकेटरच्या बाजूचं ठेवलं. काट्याच्या प्लॅटफॉर्मपासून पायापर्यंत प्रत्येक लोडसेलला वळसा घालून जाड तांब्याची वेणी टाकली, म्हणजे कोणी वर वेल्डिंग केलं किंवा वळवाच्या पावसात वीज कोसळली तर तो प्रवाह सेलमधून जाणार नाही. आणि पीसीच्या केबलमध्ये काड्यापेटीएवढा आयसोलेटर घातला. त्याच्या आत एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा ट्रान्झिस्टर, मध्ये पारदर्शक भिंत. वजनाचा आकडा प्रकाश होऊन पलीकडे जातो, प्रवाहाला जायला रस्ताच नाही. दोन्ही बाजूंनी आपापलं शून्य आपल्याकडे ठेवायचं, बोलणं तेवढं चालू ठेवायचं. (सासर-माहेरचे विनोद इथे सुचतात, पण असो.)

हीच युक्ती फार मोठ्या प्रमाणावर बघायची असेल तर आमच्या जिल्ह्याची हद्द ओलांडून जुन्नर तालुक्यात खोडदला जा. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या वीस-पंचवीस किलोमीटरवर पसरल्यात, आणि आकाशातून आलेले अतिशय क्षीण रेडिओ सिग्नल ऑप्टिकल फायबरमधून मध्यवर्ती इमारतीत येतात. फायबर का, याची कारणं बरीच आहेत, पण एक कारण आपल्या काट्याचंच: काचेतून वीज वाहत नाही, तीस तबकड्यांच्या तीस जमिनींनी एकमेकींशी भांडायचं कारण उरत नाही.

जाताना मित्राने एक यादी दिली: केबिनच्या खड्ड्यात नवा मीठ-कोळसा भरा आणि मार्चपासून हंगाम संपेपर्यंत रोज दोन बादल्या पाणी ओता. वायरमनने तिथल्या तिथे मागणीपत्रक भरून स्टोअरला पाठवलं. आम्ही गाडी काढतच होतो तेवढ्यात स्टोअरचा माणूस कागद हातात घेऊन धावत आला, "साहेब, ही मिठाची दोन पोती इलेक्ट्रिकलच्या नावावर कशी पडलीत? कँटीनच्या नावावर टाकू का?"